दारू सुटली, उलटतपासणी सुटेना

माणूस पीत असतो तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं हे आजूबाजूच्या सगळ्यांना पाठ झालेलं असतं. कोणी रडतं, कोणी शिव्या घालतं, कोणी पैसे लपवतं, कोणी चेष्टा करून वेळ मारून नेतं, कोणी सरळ रस्ताच बदलतं. तो सोडतो तेव्हा मात्र सगळ्यांची पंचाईत होते. पहिले आठ-दहा दिवस कौतुक, "बरं झालं बाबा, सुटलास एकदाचा", आणि मग सुरू होते तपासणी. जवळ आला की हळूच वास घ्यायचा, दहा मिनिटं उशीर झाला की फोनवर फोन, डोळे लाल दिसले की "खरं सांग", पैसे मागितले की "कशाला", नाही मागितले तर "मग आले कुठून". गंमत म्हणजे पीत असताना एवढे प्रश्न कोणी विचारत नव्हतं, कारण तेव्हा उत्तर माहीतच होतं, विचारायचं काय.

मला एवढंच म्हणायचंय की आपण करुणेचा क्रम उलटा लावून ठेवलाय. आधी त्याने दोन-तीन वर्षं कोरडं राहून दाखवावं, मग आम्ही विश्वास ठेवू, मग त्याला चारचौघांत बसवू, मग काम देऊ, मग माणसासारखं बोलू. म्हणजे आधार हे बक्षीस झालं, रिझल्ट लागल्यावर मिळणारं. पण आधार लागतो तो नेमका रिझल्टच्या आधी. आणि करुणा म्हटलं की लगेच कोणीतरी प्रवचन द्यायला बसलंय असं वाटतं, डोळ्यात पाणी, खांद्यावर हात वगैरे, तसलं काही मला अभिप्रेत नाहीये, उलट मी पुढे ज्या करुणेबद्दल बोलणारे ती बऱ्यापैकी कडक आहे. (उदाहरणं दारूची जास्त येतील, पण गर्द असो, झोपेच्या गोळ्या असोत, वेदनाशामक गोळ्या असोत, घरातलं चित्र थोड्याफार फरकाने हेच असतं.)

आधी जरा आकडे बघू. डेनिस, फॉस आणि स्कॉट या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास छापला, शिकागोत ट्रीटमेंट घेतलेल्या हजारावर लोकांचा त्यांनी आठ वर्षं मागोवा घेतला होता. ज्यांना सोडून अजून वर्षही झालं नव्हतं त्यांच्यातले साधारण एक तृतीयांशच पुढचं वर्ष टिकले. एक ते तीन वर्षं झालेल्यांमध्ये दोन तृतीयांश टिकले. आणि पाच वर्षं ओलांडलेल्यांमध्ये सुमारे ८६ टक्के. म्हणजे पाच वर्षांनी ज्याला आपण हार घालतो तो माणूस तोपर्यंत बहुतेक काठावर पोचलेला असतो, त्याला आपल्या हाराची तशी गरज नसते. बुडायची भीती असते ती पहिल्या वर्षात, आणि त्या वर्षात आपण काठावर उभं राहून त्याच्या पोहण्यातल्या चुका काढत असतो.

हे पहिलं वर्ष आतून कसं असतं हे बाहेरच्यांना खरंच कळत नाही. घरच्यांची अपेक्षा अशी की पिणं थांबलं म्हणजे लग्नाआधीचा, नोकरी लागली तेव्हाचा तो हसरा माणूस परत येणार. येतो कोण, तर चिडका, झोप न लागणारा, कशातच रस नसलेला, संध्याकाळी सहानंतर काय करायचं हेच न कळणारा एक माणूस. आणि मग घरातच कोणीतरी म्हणतं, पीत होता तेव्हा बरा होता की. याला शारीरिक कारणं आहेत. नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेथॅम्फेटामीन ही उत्तेजक नशा सोडलेल्या लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर डोपामीनची, म्हणजे आनंद आणि उत्साहाशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाची, ने-आण करणारी यंत्रणा भरून यायला वर्षभराहून जास्त काळ लागत होता, आणि ती भरून आली तरी हालचाली, स्मरणशक्ती वगैरेच्या चाचण्यांमध्ये तेवढी सुधारणा दिसत नव्हती. प्रत्येक नशेचं गणित वेगळं असतं हे मान्य, पण कुठलीही असली तरी "महिनाभर ॲडमिट होता, आता बरा झाला" हे गणित कुठेच बसत नाही. विड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, काही दिवसांत उतरतो. ते नंतरचं बेचव आयुष्य उतरायला फार वेळ लागतो.

त्यात सगळी जुनी बिलं याच काळात वसुलीला येतात. पीत असताना ज्यांनी नाद सोडला होता ते उसने पैसे मागायला येतात, बायको पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलायला लागते आणि बारा वर्षांचं एकदम बोलते, मुलं बोलतच नाहीत, ऑफिसात जुन्या चुकांच्या फायली निघतात. यातलं काहीही अन्यायाचं नाहीये, सगळं त्याचंच देणं आहे. फक्त हे सगळं सहन करायला पूर्वी जे औषध तो घ्यायचा तेच आता बंद आहे आणि दुसरं काही अजून हातात आलेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

आता मुख्य आक्षेप. "लाज वाटली पाहिजे ना त्याला. लाज वाटली नाही तर सुधारणार कसा?" हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित, समजूतदार लोकांकडून ऐकलंय की तो आपल्या सगळ्यांचा एक न लिहिलेला सिद्धांत आहे असं म्हणायला हरकत नाही. माणसाला जेवढं खजील करू तेवढा तो सरळ होतो. शाळेत आपल्याला असंच शिकवलं, घरात असंच वाढवलं, त्यामुळे तो खरा वाटतो. पण हा सिद्धांत तपासून बघितला गेलाय आणि तो नापास झालाय. २०१३ मध्ये डॅनियल रँडल्स आणि जेसिका ट्रेसी यांनी सोडून सहा महिनेही न झालेल्या लोकांना त्यांच्या पिण्याबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलायला लावलं, आणि बोलताना खांदे किती पडतात, छाती किती आत जाते, म्हणजे शरीरावर शरम किती दिसते हे मोजलं. काही महिन्यांनी परत भेटून विचारलं. ज्यांच्या अंगावर शरम जास्त दिसली होती तेच जास्त करून परत प्यायले होते, आणि प्यायले तेव्हा जास्त प्यायले होते. एका अभ्यासावर सगळं उभं करू नये, पण विचार केला तर आश्चर्य वाटण्यासारखं यात काय आहे? "मी वाईट केलं" असं वाटणारा माणूस ते भरून काढायला उठतो. "मी वाईटच आहे" असं वाटणारा लपायला जागा शोधतो, आणि लपायची जागा त्याला एकच माहीत असते.

काउन्सेलरच्या खोलीतही तेच. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की काउन्सेलर जितका जास्त समोरच्याला टोकत होता, खोडून काढत होता, "तू अजून मान्यच करत नाहीयेस" म्हणत होता, तितकं त्या पेशंटचं वर्षानंतरचं पिणं जास्त होतं. याच मिलरनी १९८३ मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाची पद्धत मांडली होती, तिच्यात समोरच्याला हरवायचं नसतं, त्याच्या तोंडून त्याचीच कारणं बाहेर काढायची असतात. आणि खजील करण्याचा सिद्धांत टोकाला नेला की काय होतं ते बघायचं असेल तर सिनॅनॉनची गोष्ट बघा. चार्ल्स डेडरिच नावाच्या, स्वतः दारू सोडलेल्या माणसाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ही संस्था काढली, हेरॉइनवाल्यांसाठी. तिथे 'गेम' नावाचा प्रकार असायचा, गोलात बसायचं आणि एकेकाला मध्ये घेऊन सगळ्यांनी तासन्‌तास शाब्दिक झोडपायचं. सुरुवातीला लोकांनी डोक्यावर घेतलं, मासिकांनी कौतुक केलं. पुढे तिचा कल्ट झाला, १९७८ मध्ये विरोधातल्या वकिलाच्या टपालपेटीत रॅटलस्नेक हा विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली, आणि त्या प्रकरणात पोलीस डेडरिचला अटक करायला गेले तेव्हा तो दारूच्या नशेत होता. संस्था बंद पडली, पण माणसाला आधी पूर्ण मोडायचा आणि मग नव्याने घडवायचा ही कल्पना तिथून अनेक केंद्रांमध्ये गेली आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी शिस्तीच्या नावाखाली चालते. साखळ्या, मारहाण, मुंडण, इतरांसमोर उभं करून अपमान. नातेवाईक दाराबाहेर ऐकतात आणि म्हणतात, असूदे, याच्याशिवाय तो ऐकणार नाही.

बरं मग कडकपणा नकोच का? हवा. आणि इथे मला सगळ्यात आवडणारं उदाहरण डॉक्टरांचं आहे. म्हणजे उपचार करणाऱ्या नाही, व्यसनात सापडलेल्या डॉक्टरांचं. अमेरिकेत अशा डॉक्टरांसाठी राज्याराज्यांत वेगळे प्रोग्रॅम आहेत. पकडला गेला किंवा स्वतःहून आला की त्याला ट्रीटमेंटला पाठवतात, मग साधारण पाच वर्षांचा करार, अचानक लघवीच्या तपासण्या, ग्रुप, काउन्सेलर, कामाच्या ठिकाणी लक्ष ठेवणारा एक माणूस. तपासणी पॉझिटिव्ह आली तर काय होणार हे आधीच लिहिलेलं, आणि बहुतेक वेळा ते म्हणजे परत ट्रीटमेंट आणि जास्त लक्ष, लगेच कायमचं घरी बसवणं नाही. सगळं पाळलं तर लायसन शाबूत. अशा १६ प्रोग्रॅममधल्या ९०४ डॉक्टरांचा हिशोब छापून आला, त्यात ७८ टक्के लोकांची पाच वर्षांत एकही तपासणी पॉझिटिव्ह आली नव्हती. अठ्ठ्याहत्तर टक्के. व्यसनाच्या क्षेत्रात हा आकडा ऐकून माणूस खुर्चीतून उठतो.

आता म्हणाल डॉक्टर शिकलेले, पैसेवाले, त्यांचं बरोबर जमतं. काही प्रमाणात खरंय, गमावण्यासारखं खूप असतं त्यांच्याकडे, आणि प्रोग्रॅमची सक्ती काहींना जाचक वाटते, त्यावर टीकाही झालीय. पण नीट बघा त्यांना मिळालं काय. पाच वर्षं. ओळखीचे नियम. परतीचा रस्ता. परत गेल्यावर तेच काम, तोच मान. तपासणी होते पण ती ठरलेल्या माणसाकडून, ठरलेल्या पद्धतीने, आणि निगेटिव्ह आली की विषय संपला, मग दिवसभर त्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. घरात जे चालतं ते याच्या बरोबर उलटं, तपासणी सगळेच करतात, कधीही करतात, निगेटिव्ह आली तरी कोणाचं समाधान होत नाही, आणि पॉझिटिव्ह आली तर काय होणार हे कोणालाच माहीत नसतं, त्या दिवशी ज्याचा जसा मूड असेल तसं. मी म्हणत होते ती कडक करुणा ती हीच. डॉक्टरला पाच वर्षं आणि ड्रायव्हरला, कारकुनाला, मिस्त्रीला महिनाभराचं ॲडमिशन आणि वर एक लेक्चर, हा फरक का असावा याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. डॉक्टर घडवायला समाजाचा पैसा लागलेला असतो म्हणून त्याला वाचवायचं, असं कोणी म्हणालं तर निदान ते प्रामाणिक तरी होईल.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि त्याला झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. "आम्ही जे भोगलं त्याचं काय?" बायको, आई, मुलं. मार खाल्लेला असतो, दागिने गेलेले असतात, मुलाची फी गेलेली असते, रात्री-अपरात्री त्याला शोधत फिरलेले असतात. त्यांना कोणी बाहेरून येऊन "जरा समजून घ्या हो, आजार आहे तो" म्हणतं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि ती जायलाच हवी. आजार आहे हे खरंय. २००० साली मॅकलेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला एक लेख खूप गाजला होता, व्यसनात परत घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के आणि बीपी किंवा दम्यात पथ्यपाणी सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के, मग एकाला नालायक आणि दुसऱ्याला पेशंट का म्हणता असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे, पण बीपीचा पेशंट मुलाच्या गुल्लकातले पैसे काढत नाही. आजाराची भाषा तिथे अपुरी पडते आणि तिचा फार आग्रह धरला की घरच्यांच्या जखमा पुसून टाकल्यासारखं होतं.

म्हणून मला वाटतं की करुणा आणि माफी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. माफी ज्याचं नुकसान झालं त्याची. ती द्यायची का, कधी द्यायची, की कधीच नाही द्यायची हे ती बायको ठरवेल, आणि तो सोबर झाला म्हणून तिने परत नांदायला यावं असं सांगायचा कोणाला अधिकार नाही. तो सुटला आणि तिने तरी घटस्फोट घेतला तर त्यात काहीही चूक नाही. करुणा मात्र बाकीच्यांनी द्यायची, ज्यांचं काहीच गेलेलं नाही त्यांनी. चुलते, शेजारी, जुने मित्र, साहेब, सोसायटीचा सेक्रेटरी. आणि प्रत्यक्षात होतं काय, तर हेच लोक सगळ्यात कडक असतात! जिचं सगळं गेलं ती बायको रात्री उठून त्याला पाणी देते आणि ज्याचा एक रुपया बुडालेला नाही तो चुलतभाऊ म्हणतो, कुत्र्याचं शेपूट. हे मला कधी समजलेलं नाही. कदाचित ज्याने जवळून बघितलंय त्याला माणूस दिसतो आणि लांबच्याला फक्त किस्सा.

घरच्यांना संत व्हायची गरज नाही, पण त्यांच्या हातात काहीच नाही असंही नाहीये. रॉबर्ट मायर्स यांनी क्राफ्ट नावाची एक पद्धत विकसित केली, ती पिणाऱ्याला नाही तर त्याच्या घरच्यांना शिकवतात. तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याबरोबर वेळ घालवा, प्यायलेला असेल तेव्हा बाजूला व्हा, भांडण नशेत करू नका, त्याने केलेला गोंधळ तुम्ही निस्तरू नका, मारहाणीची शक्यता असेल तर आधी स्वतःची सुरक्षितता, आणि स्वतःचं आयुष्य चालू ठेवा, कार्यक्रमांना जा, मैत्रिणींना भेटा. १९९९ मधल्या एका तुलनेत या पद्धतीने शिकलेल्या घरच्यांपैकी ६४ टक्क्यांना आपला माणूस ट्रीटमेंटला आणता आला. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारायच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं, आणि पिणाऱ्याला बदलायच्या फंदात न पडता स्वतःला सांभाळा असं सांगणाऱ्या गटात १३. गोंधळ निस्तरू नका यात केवढा कडकपणा आहे बघा, सकाळी त्याच्या साहेबाला "ताप आलाय हो त्याला" असा फोन करायचा नाही. आणि तरी त्यात एक शब्दही अपमानाचा नाही. पैसे न देणं, घरात बाटली न चालवणं, तो प्यायलेला असताना मुलांना त्याच्या गाडीत बसू न देणं, हे सगळं करुणेत बसतं. रोज जेवणाच्या ताटावर त्याच्याकडून माफी वसूल करणं बसत नाही.

"स्वतःच्या हाताने घेतली ना, कोणी तोंडात ओतली नव्हती" या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. पहिला घोट त्याचाच, मान्य. पण त्यापुढे माणूस अडकतो की सुटतो यात फक्त त्याचा हात नसतो. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी सत्तरच्या दशकात केला. जवळजवळ प्रत्येक पाचातला एक सैनिक तिथे व्यसनी झाल्याचं सांगत होता, सरकार हादरलं होतं, पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के परत व्यसनात गेले. माणसं तीच होती. युद्ध मागे राहिलं, सहज मिळणारं हेरॉइन मागे राहिलं, समोर घर होतं आणि काम होतं. आता आपण आपल्या सुटलेल्या माणसाला कुठे परत पाठवतो? त्याच खोलीत, त्याच मित्रांत, आणि वर काम नाही, कारण काम कोण देणार.

अजून एक सवय आहे आपली, ती दिसायला करुणेसारखी दिसते पण मला ती जास्त धोक्याची वाटते. कोणी वर्ष-दीड वर्ष टिकला की त्याला स्टेजवर चढवायचं. "यांच्याकडून प्रेरणा घ्या." शाळेत भाषण, पेपरात फोटो, रील. त्याला बरं वाटतं, का नाही वाटणार, इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यावर टाळ्या मिळतायत. पण मग तो घसरला तर? आता तो फक्त घरच्यांसमोर नाही, अख्ख्या गावासमोर घसरतो, आणि म्हणून तो कोणाला सांगतच नाही. ज्याला परत माणसांत घ्यायचंय त्याला साधा माणूस होऊ द्या, कंटाळवाणा, बसचा पास काढणारा, कधीतरी चिडणारा. तो चिडला की लगेच "परत घेतलीस वाटतं" नको. आपण न पिणारे लोकही चिडतोच की. आणि कार्यक्रमात त्याने ग्लास नाकारला तर कारण विचारायचं नाही, "एकाने काय होतंय" तर अजिबातच नाही. तो व्यसन सोडणाऱ्यांच्या मिटिंगला जातो हे त्याने तुम्हाला सांगितलं असेल तर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे.

औषधांबद्दलही एक. हेरॉइन किंवा तत्सम अफूवर्गीय नशा सोडलेल्यांना ती ओढ शमवायला मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन ही औषधं देतात, न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी नायस्वँडर यांनी साठच्या दशकात मेथाडोनची सुरुवात केली तेव्हापासून आजपर्यंत "एक सोडलं आणि दुसरं धरलं" हा टोमणा चालू आहे, आणि दुर्दैवाने तो मारण्यात काही सोबर मंडळीही पुढे असतात. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज छापून आली, तिच्यात मेथाडोन चालू असताना दर १००० लोकांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू आणि बंद केल्यावर सुमारे ३६. टोमण्याला कंटाळून कोणी गोळी सोडली तर तो या दुसऱ्या आकड्यात जातो. इथे मला मतभेदाला फारशी जागा दिसत नाही.

आणि स्लिप, घसरण, रिलॅप्स, काहीही म्हणा. सगळ्यांना भीती याचीच असते आणि सगळ्यात चुकीचं आपण इथेच वागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांचा प्रश्न सुटलाय अशा लोकांना विचारलं की सुटायला किती वेळा मनापासून प्रयत्न करावा लागला, तर मध्यक निघाला २ आणि सरासरी ५ च्या वर. म्हणजे पुष्कळ लोक एक-दोन प्रयत्नांत सुटतात, आणि काहींना खूपच जास्त लागतात, तेच सरासरी वर खेचतात. यात निराश होण्यासारखं काही नाही. पण स्लिप लपवली गेली की ती जीवघेणी होते, विशेषतः अफूवर्गीय नशेत, कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात मात्र जुनाच डोस मोजतो. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा २००७ मधला अभ्यास आहे, बाहेर आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट. दारूत वेगळा धोका, रोज भरपूर पिणाऱ्याने "आत्ताच्या आत्ता बंद" म्हणून एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. म्हणजे घसरलेल्याला खोलीत कोंडून "आता एक थेंब नाही" म्हणणं हे प्रेमाने केलं तरी धोक्याचं आहे, डॉक्टर लागतोच.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देत चालवलेली चळवळ, तिच्या जन्माची तारीख १० जून १९३५ धरतात. त्या दिवशी काय झालं होतं? बिल विल्सन हा सोडून जेमतेम सहा महिने झालेला शेअर बाजारातला माणूस, तो अमेरिकेतल्या अक्रन शहरात कामासाठी आला होता, काम फसलं, परत पिईन या भीतीने त्याने कोणीतरी दुसरा दारुडा बोलायला मिळतोय का म्हणून फोन फिरवले आणि त्याला डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघं बोलले, बॉबनी सोडली, बिल त्यांच्याच घरी राहायला लागला. तीनेक आठवड्यांत बॉब एका कॉन्फरन्सला गेले आणि तिथे भरपूर प्यायले. परत आले ते हात थरथरत, आणि पुढे ऑपरेशन उभं होतं. बिलने आणि बॉबच्या बायकोने त्यांना सांभाळलं, ऑपरेशनच्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून बिलने त्यांना एक बिअर दिली (आज कोणी हे करू नये, सर्जनने तर नाहीच), आणि तो त्यांचा शेवटचा घोट. ती तारीख १० जून. पुढे १९५० मध्ये वारेपर्यंत ते प्यायले नाहीत. ज्या चळवळीत लोक वर्षं मोजतात तिची मोजणी एका घसरणीच्या दुसऱ्या टोकापासून सुरू होते.

मग घरात काय करायचं, तर हे सगळं तो शुद्धीत असताना, चांगल्या दिवशी, शांतपणे बसून ठरवायचं आणि लिहून काढायचं. घसरलो तर पहिला फोन कोणाला. तो नाही उचलला तर दुसरा कोणाला. कुठला डॉक्टर. घरात नॅलोक्सोन ठेवायचं का, म्हणजे अफूवर्गीय ओव्हरडोस उतरवणारं औषध, आणि ते द्यायचं कसं हे कोणाकोणाला येतं. रात्री तो कुठे झोपणार, घरी की दुसरीकडे, मुलं तेव्हा कुठे असतील, गाडीची किल्ली कोणाकडे. कामावर काय कळवायचं आणि कोणी. बायकोने त्या रात्री माहेरी जायचं ठरवलं असेल तर तेही त्याच कागदावर, त्याला माहीत असलेलं. आणि खाली एवढंच की सांगितलंस तर आरडाओरडा होणार नाही, आणि ते पाळायचं.